मुलं चुकली की गप्प बसतात, घरी रियाज नाही. गाण्याच्या वर्गात काय बदलू?

गंधार_खाली:
९ ते १३ वयाची आठ मुलं, आठवड्यातून दोन दिवस, पाऊण तास. प्रारंभिक ही गाण्याची पहिली परीक्षा झाली, आता पुढच्या प्रवेशिका प्रथमची तयारी. "समजलं का?" म्हटलं की सगळे "हो". एकेकट्याला गायला सांगितलं की मान खाली. घरी रोज अर्धा तास बसा म्हणते, पण पुढच्या वेळी गाणं होतं तिथंच. भूप रागात मध्यम (म) नाही, तरी तानांत तो सर्रास लागतो. त्यात १३ वर्षांच्या एका मुलाचा आवाज फुटायला लागलाय, तो सोडायचंच म्हणतो. ओरडून उपयोग नाही आणि लाड केले तर वर्ग हातातून जातो.

नववी_मात्रा:
"अर्धा तास बसा" यात नेमकं करायचं काय ते आलंच नाही. मूल पेटी उघडतं, बंदिश दोनदा म्हणतं आणि उठतं. त्याऐवजी दहा मिनिटांचं काम वहीत लिहून द्या: तीन मिनिटं तानपुरा लावून नुसता सा, चार मिनिटं एकच पलटा (ठरावीक क्रमानं रचलेले स्वर), तीन मिनिटं मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ). पलट्याची लय मिनिटाला ६० मात्रा, आधी बराबरीत (मात्रेला एक स्वर), मग दुगुनीत (मात्रेला दोन). दुगुनीत सूर घसरले तर लय ५० वर आणायची, हेही लिहा. नाहीतर मुलं घसरलेलंच घोटतात.

भूपमधल्या मध्यमाचं कारण साधं आहे. मुलांनी वर्षभर सारेगम, रेगमप घोकलंय, त्यामुळे ग नंतर म सवयीनं येतो. भूपचेच पलटे द्या: सारेग, रेगप, गपध, पधसां, उतरताना सांधप, धपग, पगरे, गरेसा. सरगम म्हणताना चूक होत नाही, कारण स्वराचं नाव धरून ठेवतं. आकारात (नुसत्या 'आ'वर गाताना) ग वरून प वर जाताना गळा घसरतो आणि मधे म लागतो. म्हणून फक्त ग–प ही उडी, एकदा सरगमीत, लगेच आकारात, अशी दहा वेळा. तान त्यानंतरच.

तानपुरा_जुळला_का:
"समजलं का?" हा प्रश्नच बाद करा. "नाही" म्हणणं म्हणजे आठ जणांसमोर कबुली. त्याऐवजी "मुखड्याची सम (तालाची पहिली मात्रा) कुठल्या अक्षरावर आली?" किंवा "सांधपग यातला कुठला सूर डळमळला?" असं विचारा. याला हो-नाही उत्तर नसतं, मुलाला ऐकावंच लागतं.

तुम्हीही मुद्दाम चुका. भूपचा आलाप घेताना मधेच एक नी टाका आणि ज्याला सापडेल त्यानं हात वर करायचा. बाईंची चूक काढायला मुलं टपलेलीच असतात! चूक ही धरायची गोष्ट आहे, लाजायची नाही, हे त्यातून आपोआप कळतं. एकट्यानं गाणं थेट नको: आधी चौघं, मग दोघं, मग एकेकाला एकच ओळ.

मूल गात असताना आवर्तनाच्या (तालाच्या एका फेरीच्या) मधे थांबवू नका. तीनतालाच्या १६ मात्रा होऊ देत, मग एकच दुरुस्ती सांगा. "बेसूर झालं" यातून काहीच कळत नाही. "ग थोडा खाली राहिला, सा धरून परत ये" यातून कळतं. आणि पेटीवर सतत चाल वाजवू नका. मूल पेटीच्या मागून गातं, पेटी थांबली की अडकतं. शिवाय पेटीचा शुद्ध ग तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो, म्हणून गंधाराबद्दल तर पेटीवर विसंबूच नये.

खर्ज_सकाळी:
वरचं पटलं, पण त्या मुलाचं राहिलंच. तो बहुधा कंटाळलेला नाही, त्याला लाज वाटतेय. बाकी सगळे काळी चारमध्ये (पेटीची चौथी काळी पट्टी सा धरून) गातात, त्याला तार सा (वरच्या सप्तकातला) पोचत नाही, आणि ताणला की आवाज चिरकतो. त्याला सहज लागणारा सर्वांत खालचा सूर शोधा, तो मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) धरा आणि तिथून सा काढा. तो काळी एकच्या आसपास येईल किंवा आणखी खाली. दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासा, पट्टी सरकत राहते. तोवर तार सप्तक बंद, एका वेळी दहा मिनिटांपेक्षा जास्त गाणं नको, घसा बसला असेल त्या दिवशी अजिबात नको.

गंधार_खाली:
पण मग बाकीच्यांबरोबर त्यानं गायचं कसं? दोन पट्ट्या एकदम चालणार नाहीत.

खर्ज_सकाळी:
समूहात गाऊच नये. त्याच्याकडे ताल द्या: १, ५, १३ ला टाळी, ९ ला खाली (टाळी न देता हात बाजूला). मुखडा बहुधा खालीपासून उठतो, तेव्हा "आता उचला" ही खूण त्यानंच करायची. कोण समेला चुकलं हेही त्यालाच विचारा. शेवटची पाच मिनिटं बाकीचे वहीत पलटे उतरवत असताना त्याच्या पट्टीत तानपुरा लावा आणि फक्त मंद्र प ते मध्य प एवढंच गाऊन घ्या. आवाज का बदलतोय आणि तो काही महिन्यांत ठरतो, हे त्याला स्पष्ट सांगा, पण वर्गासमोर नाही.