वजन उतरवायचंय? आधी अ‍ॅक्टिव्हा घरी ठेवा

दांडियाबाजारकर

वाद व्हावा म्हणूनच लिहितोय. आपल्या बडोद्यातला माणूस खंडेराव मार्केटातून मेथीच्या दोन जुड्या आणायलाही गाडी काढतो. तिथे ती लावायला जागा मिळेपर्यंत दोन चकरा मारतो, भाजीवाल्याला गाडीवर बसूनच "काय भाव?" विचारतो. आणि संध्याकाळी पट्ट्यावर चालायला जिमचे पैसे भरतो. तिथेही गाडीवरूनच जातो!

माझं म्हणणं असं की डाएट चालू असताना जिमच्या एका तासापेक्षा उरलेला दिवस जास्त महत्त्वाचा. खाणं कमी केलं की शरीर गुपचूप काटकसर सुरू करतं. माणूस नकळत कमी हलायला लागतो. "अरे, जरा चार्जर दे रे" सुरू होतं, दुपारी हिंचक्यावर पाय वर जातात. आपल्याला वाटतं, आपण तर रोज व्यायाम करतोय.

अमेरिकेत जेम्स लेव्हिन यांनी १९९९ मध्ये एक प्रयोग छापला होता. १६ जणांना आठ आठवडे रोज १,००० कॅलरी जास्त खायला घातल्या. कुणाची चरबी अर्धा किलोही वाढली नाही, कुणाची चार किलोच्या वर गेली. मुद्दाम केलेला व्यायाम सगळ्यांचा सारखाच कमी ठेवला होता. मोठा फरक पडला तो उठबस, चुळबुळ, येरझाऱ्या यांचा.

म्हणून मी भाजी चालत आणतो, दोन्ही हातांत सारख्या वजनाच्या पिशव्या घेऊन. फोन आला की उभा राहतो. जेवल्यावर पंधरा मिनिटं पोळातून, म्हणजे आमच्या जुन्या वस्तीच्या गल्लीतून फेरी, त्याने जेवणानंतरची साखरही कमी चढते. पाण्याचा तांब्या मुद्दाम लहान ठेवलाय, म्हणजे उठावं लागतं. बायको याला खुळेपणा म्हणते, ते सोडा.

तेलाचा_हिशोब

दांडियाबाजारकर, मेथी चालत आणलीत, पण फोडणीत तेल किती घातलंत?

सत्तर किलोचा माणूस एक किलोमीटर चालला तर साधारण ५० कॅलरी जातात. एक मोठा चमचा तेल म्हणजे जवळजवळ १२०. म्हणजे तुमची मार्केटची अख्खी फेरी एका चमच्यात बुडते. एक किलो चरबीत ७,७०० च्या आसपास कॅलरी असतात. आता चाला!

सयाजीबागेत सकाळी जाऊन बघा. तीन फेऱ्या मारणारी मंडळी फाटकाबाहेर पडली की पाय आपोआप फाफड्याच्या गाडीकडे वळतात. संध्याकाळी सेव उसळ, वर तर्री वेगळी मागून. यांना कुणी सांगावं की चालणं वाया गेलं? वजन स्वयंपाकघरात उतरतं, रस्त्यावर नाही.

प्रयोगच हवा असेल तर माझ्याकडेही आहे. टांझानियातले हाडझा लोक शिकार करून, कंदमुळं खणून जगतात, दिवसभर पायांवर असतात. हर्मन पाँट्झर यांनी २०१२ मध्ये दाखवलं की शरीराचा आकार जमेस धरला तर त्यांचा दिवसाचा एकूण खर्च ऑफिसात बसणाऱ्या अमेरिकनांइतकाच भरतो. जास्त हललात तर शरीर दुसरीकडे वाचवतं.

दांडियाबाजारकर

हाडझांचं वजन स्थिर असतं हो, ते डाएटवर नाहीत! आणि तेल कमी करू नका असं मी कुठे म्हटलं? खाणं कमी केलंय हे धरूनच बोलतोय. लंडनमध्ये जेरेमी मॉरिस यांनी १९५३ मध्ये दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर तुलनेला घेतले. दिवसभर जिना चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी. त्यांनी कुठे जिम लावली होती?

मापात_पँट

अर्धीच गोष्ट सांगितलीत. पुढे १९५६ मध्ये मॉरिस आणि सहकाऱ्यांनी त्याच बस कंपनीच्या गणवेशांची मापं काढली. ड्रायव्हरांच्या पँटी कंडक्टरांपेक्षा आधीपासूनच रुंद होत्या, तरुण ड्रायव्हरांच्यासुद्धा. म्हणजे जाड माणूस स्टिअरिंगकडे गेला की स्टिअरिंगने जाड केला, हे एवढ्यावरून ठरत नाही. जिना हृदयाला चांगला, मान्य. पण कंबर त्यानेच बारीक राहिली, हे सिद्ध कुठे झालं?

तसंच ते रोज दहा हजार पावलांचं. १९६५ मध्ये जपानात पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, त्या जाहिरातीतला आकडा तो. २०१९ मध्ये वयस्कर अमेरिकन बायकांवरचा अभ्यास आला, त्यात साडेसात हजारांच्या आसपास फायदा थांबलेला दिसला. आणि तो फायदा आयुष्याचा, वजनाचा नव्हे. पण आपल्याकडे रात्री साडेअकराला पलंगाभोवती फिरून आकडा पूर्ण करतात.

मांजलपूरची_सून

पुरुषांची चर्चा वाचून मजा आली. एकदा मेथी चालत आणली तर धागा निघाला! आमच्या घरी झाडू-पोछा, धुणं, स्वयंपाक, सासूबाईंचं पाणी, मुलीला उचलणं, हे सगळं मीच करते. तुमच्या हिशोबाने मी काडी असायला हवी होते. वजन ७४ आहे.

कारणही सांगते. घरकामात दिवस जातो, पण दम लागेल असं सलग काही होत नाही आणि ताकदीचं काम त्याच त्या ठरावीक स्नायूंना. त्यात डाएटवर असलं की चरबीबरोबर स्नायूही झिजतात. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, पण त्याच्यापुढचं वाक्य कुणी वाचत नाही. स्नायू बळकट करणारा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस. मी खुर्चीवरून हात न टेकता उठबस करते, भिंतीला टेकून दंड काढते आणि दोन्ही वेळच्या ताटात डाळ-पनीर वाढवलंय. कुकरची शिट्टी होईपर्यंत उरकतं. चालण्यापेक्षा मला त्याचा जास्त उपयोग झाला, पाठ दुखायची थांबली.

आणि "चालत जा" म्हणणं सोपं आहे. आमच्याकडे फुटपाथवर गाड्या, संध्याकाळी सातनंतर दिवे नाहीत, कुत्री मागे लागतात. मे महिन्यात तर सकाळी नऊलाच चटके बसतात.

गुडघेदुखीवाले_काका

सुनबाई, बरोबर बोललात. प्रो. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराचा वारसा सांगणाऱ्या या गावात ताकदीचा व्यायाम आठवण करून द्यावा लागतो, ही शरमेची गोष्ट.

एक पुस्ती जोडतो. माझ्या वयाच्यांनी जिन्यांचा उत्साह बेताने. चढायला हरकत नाही, उतरताना गुडघा बोलतो, तेव्हा खाली येताना लिफ्ट घ्या. मी पावागडच्या डोंगरावर अर्ध्या वाटेवरच्या माचीहून पायऱ्यांनी चढतो आणि रोपवेने उतरतो. लोक हसतात, हसू दे. वजन एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो, म्हणून खाण्यावर ताबा आधी, मग पायऱ्या. इथे मी तेलाच्या हिशोबवाल्यांच्या बाजूचा.

तेलाचा_हिशोब

काका, आभार! तेवढ्यात एक कबूल करून टाकतो, नाहीतर पँटवाले मलाही पकडतील. उतरलेलं वजन टिकवायचं असेल तर हालचाल लागतेच. अमेरिकेत १९९४ पासून वजन उतरवून टिकवलेल्यांची नोंद ठेवतात, त्यातले बहुतेक जण व्यायाम करतात, सरासरी रोज तासभर. पण दांडियाबाजारकरांनी धागा "उतरवायचंय" म्हणून काढलाय, "टिकवायचंय" म्हणून नाही. आणि नवरात्रात तीन-तीन तास गरबा खेळूनही दसऱ्याला काटा वर का असतो, याचं उत्तर त्यांनी द्यावं. मध्यरात्रीच्या नाश्त्याच्या गाड्या मोजून द्यावं.

दांडियाबाजारकर

गरबा नऊ रात्रींचा, मी उरलेल्या वर्षाबद्दल बोलतोय. उतरवणं आणि टिकवणं एवढं वेगळं असतं तर सगळ्यांचं वजन परत आलंच नसतं. सवय उतरवतानाच लावावी लागते, नंतर कोण लावणार? फुटपाथचं मात्र मांजलपूरच्या ताईंचं खरं आहे. जुन्या शहरात दहा मिनिटांवर सगळं मिळतं म्हणून मला चालणं सुचतं.

मांजलपूरची_सून

तुमच्या मुद्द्याचा उपयोग होणार बघा. आमचं धुणं चौथ्या मजल्याच्या वरच्या गच्चीत वाळतं. ओल्या कपड्यांची बादली उद्यापासून जिन्याने आमचे हे नेतील. धागा त्यांना पाठवलाय.