हॅचरीचं बी, मेलेलं तळं आणि खाडी

खाजणातला: काल इथे एकाने लिहिलं, 'हॅचरीतलं कोळंबीचं बी, म्हणजे पिल्लं, पीसीआर या विषाणू-चाचणीने तपासून येतं, तळ्यांतून खाडीत रोग जातो ही कोळ्यांची नुसती ओरड.' रात्रभर डोक्यातून गेलं नाही. अहो, तपासणी होते ती नमुन्याची. लाखांतली मूठभर पिल्लं उचलायची. रोग थोडक्यांतच असला तर सापडत नाही. गेल्या साली शेजारच्या तळ्यावर गेलो. कोळंबी कडेला येऊन थांबलेली. एक उचलली, तर डोक्यावरचं कवच अलगद सुटून आलं, उजेडात धरलं तर आत पांढरे ठिपके. आठवड्यात तळं बसलं. मालकाने रात्री ओहोटीला उघाडी, म्हणजे बांधातली पाण्याची झडप, उघडली. ते पाणी गेलं कुठे?

तळीवाला: उघाडी उघडली ते चूकच. पण दादा, हा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, व्हाइट स्पॉट, खाडीतल्या चिंबोऱ्यांतही असतो. भरतीचं पाणी घेतलं की तोच आमच्याकडे येतो. माझं तळं गेलं, कर्ज अजून फेडतोय. व्हेनामी या परदेशी कोळंबीला २००९ मध्ये परवानगी मिळाली ती रोगमुक्त जनक कोळंबीच्या (जिच्यापासून बी काढतात तिच्या) अटीवर, चेन्नईला विलगीकरण करून. आम्हीच तेवढे गुन्हेगार?

पागवाला: खाडीत आधीच आहे म्हणून आणखी ओतायचा? आणि जिताडा माशाचं बोला. त्याचा नोडा विषाणू मादीकडून अंड्यात उतरतो. वाचलेलं पिल्लू ठणठणीत दिसतं, पण रोग वाहतं. असलं बी पिंजऱ्यातून सुटलं तर खाडीतल्या जिताड्याला कोण वाचवणार?

आगरातली: खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधाचं कोणीच बोलत नाही! उधाणात आमचा बांध फुटला, दोन वर्षं भात नाही. अर्ज करून चपला झिजल्या.

तळीवाला: ताई, तो विषय वेगळा.

आगरातली: वेगळा कसा? बांध फुटला की तळं, शेत, खाडी, सगळं एकच पाणी. तुमची मेलेली कोळंबी माझ्या खाचरात कुजत होती. मी हाताने उचलली आहे ती!

पागवाला: पूर्वी अख्खं गाव बांधाला माती घालायला जायचं. आता सगळे सरकारी खात्याच्या तोंडाकडे बघतात.

आगरातली: गावात माणसं उरलीत कुठे? मुंबईला गेलेल्यांना बोलवा माती घालायला!

खाजणातला: भांडू नका. रोग दिसला की उघाडी बंद ठेवायची, ब्लीचिंग टाकून पाणी धरून ठेवायचं, मेलेली पुरायची. एवढंच मागतोय.

तळीवाला: तळं बुडाल्यावर ब्लीचिंगला पैसे कुठून आणू? ... ठीक आहे, उघाडी बंद ठेवीन. पण ताईंचा बांध तसाच राहिला तर माझ्या बंद उघाडीचा उपयोग नाही, हेही लिहून ठेवा.