मदत हवी आहे: काचबिंदू आणि गाडी चालवणं

आमच्या अण्णांना दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे. थेंब चालू आहेत, डोळ्यांचं प्रेशर आटोक्यात आहे, समोरचं स्वच्छ दिसतं. पण परवा गेवराईच्या अलीकडं डावीकडून आलेली उसाची बैलगाडी त्यांना दिसलीच नाही. मी ओरडले तेव्हा ब्रेक लागला. फील्ड टेस्टच्या (समोर बघताना आजूबाजूचं किती दिसतं त्या तपासणीच्या) दोन्ही कागदांवर डावीकडचा खालचा भाग काळा आलाय. लायसन्सच्या फॉर्म १ए मध्ये (डॉक्टरांच्या दाखल्यात) २५ मीटरवरची नंबर प्लेट दिसते का हे विचारतात, ती तर ते सहज वाचतात! ब्रिटनमध्ये आडवं निदान १२० अंशांचं दृष्टिक्षेत्र लागतं, त्यासाठी दोन्ही डोळे उघडे ठेवून एस्टरमन चाचणी घेतात. ती संभाजीनगर किंवा लातूरला कुठं होते का? अण्णा माझं ऐकत नाहीत, रोज शेतात बोलेरो घेऊनच जातात. तुमच्या घरी कुणाला कसं समजावलंत, तेही सांगा.