मदत हवी आहे : गेममधली गुराब नाकावर आपटतेय आणि तीन मजली जहाज दरवेळी जिंकतंय

ऐरोली_खाडीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, एरवी मी इथे वाचनमात्र असतो पण आता डोकं चालेना म्हणून धागा काढतोय. दिवसा महापेला नोकरी आणि रात्री घरी बसून शिडाच्या जहाजांचा एक छोटा गेम बनवतोय, युनिटी या गेम इंजिनमध्ये. कोकण किनारा, आंग्र्यांचं आरमार, म्हणजे साधारण १७०० पासून १७५६ ला विजयदुर्ग पडेपर्यंतचा काळ. पैसे कमवायचे वगैरे डोक्यात नाही, हौस आहे. एम्पायर टोटल वॉरमध्ये मराठे खेळायला मिळाले तेव्हापासून वाटत होतं की शिडाच्या जहाजांचे गेम म्हटले की सगळे कॅरिबियनला नाहीतर ट्रफाल्गरला जातात, आपल्या किनाऱ्याकडे कोणी फिरकत नाही.

आता अडचण सांगतो, दोन आहेत आणि दोन्ही एकमेकांत अडकल्यात.

पहिली म्हणजे बॅलन्स. टेस्टिंगसाठी मी एक मोठं इंग्रजी जहाज ठेवलंय, एचएमएस व्हिक्टोरीचे आकडे घेऊन, कारण तिचे प्लॅन आणि आकडे सहज मिळतात. १०४ तोफा, तीन तोफमजले, खालच्या मजल्यावर ३२ पौंडी (म्हणजे तेवढ्या वजनाचा गोळा फेकणाऱ्या), ट्रफाल्गरच्या वेळी एका बाजूची पूर्ण फैर ११४८ पौंडांची. समोर माझी गुराब, म्हणजे आंग्र्यांच्या आरमारातलं दोन डोलकाठ्यांचं लढाऊ जहाज, १५० टनांची, पुढे तोंडाशी दोन १२ पौंडी आणि बाजूला ६ ते ९ पौंडी. म्हणजे नाकावरच्या दोन्ही तोफा एकदम उडवल्या तरी २४ पौंड. हेल्थ बार असा काही उतरतो की बघवत नाही. सहा गुराबा एकदम सोडल्या तरी तेच. कळव्याचा माझा भाचा टेस्टिंगला बसतो, तो आता गुराब निवडतच नाही, म्हणतो मामा तुझी बोट फक्त मरायला आहे. गुराबीला खोटं बळ द्यायचं, म्हणजे गोळ्याचं डॅमेज पाचपट वगैरे, हे मला करायचं नाहीये. मग खेळायला मजा येईल पण ते जहाज गुराब राहणार नाही, नुसतं नाव राहील.

दुसरी अडचण फिजिक्सची. गुराबीचं जे वर्णन मी आधाराला धरलंय ते ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याचं आहे. तो म्हणतो लांबीच्या मानाने रुंद, पाण्यात फार कमी बुडणारी, मध्यापासून टोकाकडे निमुळती होत जाणारी, आणि पुढे नेहमीच्या जहाजासारखं फुगीर तोंड नसून भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखी लांब पुढे आलेली नाळ, म्हणजे चोच. त्या नाळेवर मजबूत डेक, मुख्य डेकच्याच पातळीत, पण मध्ये एक आडवी भिंत. तोफा त्या भिंतीमागे आणि भिंतीला पाडलेल्या खिडक्यांतून नाळेवरून समोर मारा करायचा. मी तसंच थ्रीडी मॉडेल केलंय ब्लेंडरमध्ये, २५ मीटर लांब ८ मीटर रुंद धरलीय, हे आकडे माझ्या अंदाजाचे. तरंगण्यासाठी तळाशी पॉइंट दिलेत, प्रत्येक पॉइंट किती पाण्याखाली आहे त्यावरून वर ढकलणारं बळ, नेहमीचीच पद्धत.

तर होतं काय की समोरून लाट आली की गुराब नाक खुपसते, नाळ पूर्ण पाण्याखाली जाते, मग उसळते, परत खुपसते. तोफेचा नेम लागणं शक्यच नाही. आणि आडवी डुलते ती तर फारच, दोन सेकंदांत एक पूर्ण झोका, बघूनच मळमळतं. डँपिंग (हालचाल शमवणारं बळ) वाढवलं की डबक्यातल्या बोटीसारखी गप्प बसते, कमी केलं की परत नाच. वजन खाली नेलं, सेंटर ऑफ मास (वजनाचा मध्य) पार कीलपर्यंत, म्हणजे तळाच्या कण्यापर्यंत उतरवला, तर झोका आणखीनच झटक्याचा झाला!

तेव्हा प्रश्न असे की (१) हे डुलणं नाचणं खऱ्यासारखं कसं करायचं आणि (२) ही अशी छोटी जहाजं मोठ्या जहाजांना भारी पडायची ती नेमकी कशामुळे, आणि ते कोडमध्ये कसं उतरवायचं. "कान्होजी शूर होते म्हणून" हे उत्तर मलाही मान्य आहे पण त्याचं व्हेरिएबल करता येत नाही. जाणकारांनी प्लीज मदत करा.

तीनहातनाका

आधी डुलण्याचं बघू कारण ते सोपं आहे. जहाज आडवं डुलायला लागणारा वेळ म्हणजे साधारण ०.८ गुणिले रुंदी भागिले जीएमचं वर्गमूळ, सगळं मीटरमध्ये. जीएम म्हणजे मेटासेंट्रिक हाइट, वजनाच्या मध्यापासून मेटासेंटरपर्यंतची उंची. मेटासेंटर म्हणजे जहाज थोडं कललं की ज्या बिंदूभोवती लंबकासारखं झुलतं तो. तुझी रुंदी ८, झोका २ सेकंदांचा, उलट गणित केलंस तर जीएम दहा मीटरच्या वर निघतो. असं जहाज जगात नसतं. ५ सेकंदांचा झोका हवा असेल तर जीएम साधारण १.६ पाहिजे. रुंद आणि उथळ जहाज मुळातच ताठ असतं, कारण रुंदीचा परिणाम घनात येतो, त्यात तू वजन कीलपर्यंत खाली नेलंस म्हणजे ते आणखी ताठ झालं. ताठ जहाज कलंडत नाही पण झटके मारतं. वजन वर आण. मेटासेंटर कुठे येतो ते काढ आणि सेंटर ऑफ मास त्याच्या दीड मीटर खाली ठेव, बस.

पण फार वर पण नको. स्वीडनचं वासा १६२८ मध्ये पहिल्याच सफरीत स्टॉकहोमच्या बंदरात बुडालं ते याचमुळे. त्याच्यावर ६४ तोफा होत्या, वरचा भाग जड, आणि वाऱ्याच्या एका झोताने कललं ते खालच्या उघड्या तोफखिडक्यांतून पाणी आत. निघायच्या आधी ३० माणसं डेकवर इकडून तिकडे पळवून चाचणी घेतली होती, जहाज इतकं डुललं की चाचणी थांबवली, आणि तरीही निघाले! तुझ्या गेममध्ये तोफखिडकीची उंची आणि कलण्याचा कोन एवढं जरी जोडलंस ना, तर तीन मजली जहाजाला जोराच्या वाऱ्यात खालचा मजला बंद ठेवावा लागेल, म्हणजे त्याच्या सगळ्यात मोठ्या तोफा गप्प. अर्धा बॅलन्स इथेच आला.

नाक खुपसण्याबद्दल. युनिटी इनर्शिया टेन्सर (वस्तू कुठल्या दिशेला फिरवायला किती जड ते) कोलायडरवरून, म्हणजे टक्कर तपासायच्या आकारावरून, आपोआप काढतं आणि आतलं सगळं सारख्या घनतेचं भरीव धरतं. ते बंद कर आणि हाताने दे. पिचसाठी (नाक वरखाली होणं) त्रिज्या लांबीच्या पाव, रोलसाठी (आडवं डुलणं) रुंदीच्या ०.४ धर. आणि फ्लोट पॉइंट नाळेखाली आहेत का? नाळ पाण्याच्या वर पुढे आलेली असते, तिने उचलायला सुरुवात करायची ती बुडल्यावरच, आधी नाही.

एवढं करूनही समोरच्या लाटेत ती थोडं नाक मारणारच आणि मारू दे. तू ज्या ऑर्मचा आधार घेतलायस त्यानेच लिहिलंय की समोरून लाटा असल्या की गुराब जोरात आपटते, म्हणून तर नाळेच्या डेकला कठडा ठेवत नसत, आलेलं पाणी सरळ वाहून जावं म्हणून. तुझ्या मॉडेलमध्ये कठडा आहे का बघ.

कळव्याचा_किल्लेदार

तीनहातनाका यांनी ऑर्मची अर्धीच गोष्ट सांगितली, पुढची जास्त कामाची आहे. आठ-दहा गुराबा आणि चाळीस-पन्नास गलबतं (गुराबीसारख्याच पण लहान, वल्ह्यांच्या होड्या) मिळून निघायची. शिकार दिसली की गुराबा तिच्या मागच्या अंगाला जमायच्या, बाजूला नाही, आणि लांबूनच नाळेवरच्या तोफांनी आधी फक्त डोलकाठ्यांवर मारा करायच्या. तोही नेम धरायचा कधी, तर समोरच्या जहाजाच्या तिन्ही डोलकाठ्या जवळजवळ एका रेषेत, जेमतेम वेगळ्या दिसत असतील तेव्हा. एकीला चुकलेला गोळा दुसरीला लागतो, साधं गणित. डोलकाठ्या पडल्या की मग जवळ जाऊन चहूबाजूंनी ठोकायचं, आणि तरी ऐकत नसेल तर गलबतांमधून दोनदोनशे तीनतीनशे माणसं एकदम चढवायची.

म्हणजे बघा, तुमच्या ११४८ पौंडांच्या फैरीसमोर गुराब जायचीच नाही. मागच्या अंगाला मोजक्याच तोफा असतात. तुमचा एआय गुराबीला शत्रूच्या बाजूला नेऊन उभा करत असेल तर भाचा म्हणतो ते बरोबर आहे.

हेल्थ बार तर काढूनच टाका. लाकडी जहाज गोळ्यांनी सहसा बुडत नाही. ट्रफाल्गरच्या लढाईत, १८०५, प्रत्यक्ष लढाई चालू असताना गेलं ते एकटं फ्रेंच अशील, तेही आग लागून स्फोट झाला म्हणून. हरलेली बाकीची पकडली गेली, डोलकाठ्या आणि माणसं संपली की झेंडा उतरायचा. तर डोलकाठ्या वेगळ्या, सुकाणू वेगळं, खलाशी वेगळे, आणि लाकूड सगळ्यात शेवटी.

आणखी एक, व्हिक्टोरी तिथून हलवा. ती १७६५ ची, तुमचा काळ १७५६ ला संपतो. तसली पहिल्या दर्जाची तीन मजली जहाजं इकडे येत नव्हती. विजयदुर्गावर चालून आलेल्या इंग्रज ॲडमिरल वॉटसनचं केंट हे जहाज सुद्धा दोन तोफमजल्यांचं होतं. रोजची शिकार म्हणजे कंपनीची व्यापारी जहाजं, कागदावर ४९९ टनांची. ५०० टन झाले की जहाजावर पाद्री ठेवणं भाग होतं, तो खर्च वाचवायला ४९९. हा विनोद गेममध्ये कुठेतरी घालाच.

मात्र एक विनंती, मराठा जहाज म्हणजे अजिंक्य असंही करू नका. खांदेरीला ऑक्टोबर १६७९ मध्ये आपल्या आरमाराने डव्ह हे इंग्रजी जहाज पकडलं, इंग्रजांची बाकीची पळाली, पण रिव्हेंज नावाचं एक फ्रिगेट जागेवर उभं राहिलं आणि त्याने आपल्या होड्यांना मागे रेटलं. होड्या उथळ खाडीत शिरल्या, फ्रिगेटला तिथे जाता येईना. दोन्ही बाजूंनी हे खरं आहे आणि गेमला हेच पाहिजे. खांदेरीवर रसद मात्र वल्ह्यांच्या होड्यांनी रात्रीची पोचवली जातच राहिली.

ऐरोली_खाडीकाठ

बाप रे, दोघांचेही आभार. कठडा होता. काढला. इनर्शिया हाताने दिल्यावर झोका पाच सेकंदांच्या जवळ आला आणि पहिल्यांदा ती जहाजासारखी दिसली. डोलकाठ्यांना वेगळे कोलायडर देतोय, गोळ्याचा मार्ग तिघींमधून तपासायचा म्हणजे बरोबर मागून मारला तर लागायची शक्यता आपोआप वाढेल, वेगळा बोनस द्यायची गरज नाही. केंटवर येतोय.

आता वाऱ्याचं विचारतो. सध्या वारा एकाच दिशेने सतत आहे. मागून गाठायचं तर गुराब तेवढी वेगात हवी, ती कशी?

दिवाळे_बंदर

बेलापूरच्या दिवाळ्याचा आहे, आमच्या घरात मासेमारी. गेम कधी खेळलो नाही पण पोरगा वाचून दाखवत होता म्हणून लिहितो.

एकाच दिशेने सतत वारा आमच्या किनाऱ्यावर कधी असतो हो? पावसाळा सोडला तर रात्रीपासून पहाटेपर्यंत मतलई, जमिनीकडून समुद्राकडे. दुपारी खारा वारा, समुद्राकडून जमिनीकडे. मध्ये सकाळी उशिरा वारा पडतो, पाणी तेलासारखं. खाडीतून निघणाऱ्याला पहाटेचा मतलई पाठीशी, बाहेर उभ्या जहाजाला तोच तोंडावर. सकाळी वारा पडला की शिडावरचं मोठं जहाज जागच्या जागी, आणि वल्हं असेल तो राजा. दुपारी खारा वारा धरून परत घरी. तुमच्या लढाईचं टायमटेबल हेच लावा.

आणि भरती-ओहोटी घाला. उधाणाला इकडे पाच मीटरच्या आसपास फरक पडतो. भरतीला जिथून जाल तिथे ओहोटीला चिखल. बाहेरच्याला ते माहीत नसतं.

पावसाळ्यात सगळं बंद, तेव्हा होड्या वर ओढून दुरुस्ती. आताही जून-जुलै बंदीच असते.

कळव्याचा_किल्लेदार

वा काका, एकदम नेमकं. ऑर्मही तेच म्हणतो, वारा नसला की गलबतं वल्ही मारत गुराबांना ओढून न्यायची. ४०-५० वल्ही, ताशी चार मैल. म्हणजे गलबत आणि गुराब ही जोडी गेममध्ये तोडू नका, दोर बांधायची सोय द्या.

ऐरोली_खाडीकाठ

काका तुमचे खास आभार, आणि पोराचेही. तीन टप्प्यांचा वारा टाकलाय, पहाट, वारा पडलेला, दुपार. केंट वारा पडल्यावर खरंच अडकून पडतं आणि भाचा दोन गलबतांनी गुराब ओढत तिच्या मागे नेतो. परवा त्याने पहिल्यांदा मधली डोलकाठी पाडली आणि ओरडून सोसायटी जागी केली. हां, खारा वारा सुटायच्या आत काम झालं नाही तर केंट वळतं आणि एका फैरीत सगळं संपतं, ते तसंच ठेवणार आहे.

एक शेवटचं राहिलंय. गलबताला एकच मोठं तिकोनी शीड, त्याचं परबाण, म्हणजे शीड बांधतात तो तिरका वासा, डोलकाठीपेक्षा उंच जाणारं. वाऱ्याची बाजू बदलताना माझ्या ॲनिमेशनमध्ये परबाण डोलकाठीच्या आरपार जातं. खऱ्यात ते इकडचं तिकडे नेतात कसं?

दिवाळे_बंदर

नाक वाऱ्यात घालून वळायचंच नाही. वाऱ्याकडे पाठ करून वळायचं, जागा जास्त लागते पण सोपं पडतं. शीड ढिलं सोडायचं, परबाण डोलकाठीला लागून उभं करायचं आणि डोलकाठीच्या पुढून पलीकडे न्यायचं, मग दोर परत बांधायचा. माणसं भरपूर लागतात आणि तेवढा वेळ होडीला जोर नसतो. आमच्याकडे आता सगळं इंजिनवर आहे, पण आजोबांच्या वेळचं असं ऐकलंय. पोरगा म्हणतो तो वेळ गेममध्ये दाखवा, नाहीतर खोटं वाटेल. आणि बिल्ड अँड्रॉइडवर चालेल का विचारतोय.