पटवून देण्याचं काम: कुठे जमतं, कुठे माती होते

हुकूम दिला की काम होतं, पण पाठ फिरली की थांबतं. हाताखालची माणसं, बरोबरीची खाती आणि वरचे साहेब, तिघांनाही पटवावंच लागतं आणि तिन्हीकडची रीत वेगळी. "मी कशी बाजी मारली" छापाच्या कहाण्या नकोत. काय करावं, कधी, किती आणि कुठे फसतं, तेवढं लिहा. सुरुवात मीच करतो.

मीटिंगमध्ये कुणाचंच मत बदलत नाही. चारचौघांत एकदा "नाही" म्हटलं की माणूस त्या "नाही"ला चिकटतो. म्हणून खरं काम आधी उरकायचं. जपानी कंपन्यांत याला नेमावाशी म्हणतात. शब्द बागकामातला आहे: झाड दुसरीकडे लावायच्या बरंच आधी मुळांभोवती खणून ठेवायचं, म्हणजे ते हलवणं सोसतं.

मीटिंग दहा जणांची असेल तर चार-पाच जणांना आधी एकेकटं गाठा. पंधरा-वीस मिनिटं पुरतात. सगळ्यात आधी ज्याचं काम वाढणार आहे तो, मग ज्याच्या तोंडाकडे बाकीचे बघतात तो, साहेब शेवटी. हातात एकच कागद, तोही कच्चा. तीस स्लाइडचं गुळगुळीत सादरीकरण नेलंत तर समोरच्याला "हो" किंवा "नाही" एवढंच उरतं. कच्च्या कागदावर तो पेन चालवतो. "कसं वाटतं?" विचारलं की "छान आहे" मिळतं, म्हणून "यात कुठे अडेल?" असं विचारा. त्याने सांगितलेली अडचण पुढच्या मसुद्यात दिसली पाहिजे, शक्यतो त्याच्याच शब्दांत.

दोन ठिकाणी हमखास फसतं. एक, प्रत्येकाला त्याला रुचेल अशी वेगळी आवृत्ती सांगणं. ते दोघं जिन्यात भेटतात आणि खेळ खलास. दुसरं, सगळ्यांना भेटून एकालाच वगळणं. तो मग प्रस्ताव कितीही चांगला असो, आडवा येतोच.

प्रतिसाद १

सहमत, फक्त एक दुरुस्ती. सर्व्हर बसलाय, मशीन बंद पडलंय, अशा वेळी नेमावाशी करत फिरू नये. तिथे हुकूमच द्यायचा आणि कारण नंतर सांगायचं. पण नंतर खरंच सांगायचं. ते राहून जातं आणि पुढच्या वेळी लोक हुकूमही मनावर घेत नाहीत.

प्रतिसाद २

पहिला आक्षेप बहुधा खरा नसतो. "वेळ नाही" याचा अर्थ पुष्कळदा "जुन्या पद्धतीत मी वाकबगार आहे, नव्यात नवशिका ठरेन" असा असतो. तपासायला सोपा प्रश्न आहे: "समजा वेळ मिळाला, तर कराल का?" लगेच "हो" आलं तर वेळेचाच प्रश्न, तो सोडवा. "तसं नाही, पण..." आलं तर त्या "पण"नंतर येतं ते ऐकायचं. विचारल्यावर पाच-सहा सेकंद गप्प बसा. ही शांतता झेपत नाही म्हणून आपणच बोलून टाकतो आणि खरं कारण आतच राहतं.

"हे आधी करून झालंय" या आक्षेपावर वाद घालू नका. तेव्हा नेमकं काय मोडलं ते विचारा, लिहून घ्या आणि त्यातलं आज काय वेगळं आहे ते शेजारी मांडा. वेगळं काहीच नसेल तर त्याचं बरोबर आहे, प्रस्ताव मागे घ्या. अशी एक माघार पुढच्या चार प्रस्तावांना उपयोगी पडते.

प्रतिसाद ३

आकड्यांबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. माहिती असणं आणि ती पटेल अशी मांडणं यातलं अंतर अमेरिकेच्या चॅलेंजर अवकाशयानाच्या उदाहरणात दिसतं. 27 जानेवारी 1986 च्या रात्री, उड्डाणाच्या आदल्या दिवशी, बूस्टर (यानाला वर ढकलणारी रॉकेटं) बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांचं म्हणणं होतं की तापमान 53 अंश फॅरनहाइटच्या खाली असेल तर उड्डाण नको, कारण सांध्यातली रबरी कडी थंडीत ताठरते. पण चर्चा फिरली ती ज्या उड्डाणांत कडीला इजा झाली होती त्यांच्याभोवती. त्यांत उबदार हवेतलंही एक होतं, त्यामुळे तापमानाचा संबंध धूसर वाटला. इजा न झालेली उड्डाणं तक्त्यात घेतली असती तर? चौकशी आयोगाने नंतर सगळी मांडली: 66 अंश किंवा त्याहून जास्त तापमानाच्या 20 उड्डाणांपैकी 3 मध्ये त्रास, त्याहून थंड 4 उड्डाणांपैकी चारही. 28 जानेवारीला उड्डाण झालंच. यान 73 सेकंदांत फुटलं, त्यातले सातही जण गेले.

दोष फक्त तक्त्याचा नव्हता, वरून दडपणही होतं. तरी धडा रोजच्या कामाचा आहे. बिघाडांची यादी नेऊ नका. बिघाड झालेले आणि न झालेले, दोन्ही एकाच तक्त्यात न्या. ज्या कारणाकडे बोट दाखवायचंय त्यानुसार ओळी लावा, तारखेनुसार नको. तारखेनुसार लावलेला तक्ता दिसतो व्यवस्थित, पण काही सांगत नाही.

प्रतिसाद ४

कारण द्यावं हे खरं, पण कसंही कारण चालतं हा समज चुकीचा. त्यामागे 1978 चा मानसशास्त्रज्ञ एलन लँगर यांचा झेरॉक्स मशीनचा प्रयोग आहे. पाच पानं काढण्यासाठी पुढे जाऊ द्या, एवढंच म्हटलं तर 60 टक्के हो म्हणाले. "घाई आहे" म्हटल्यावर 94, आणि "मला प्रती काढायच्या आहेत" या पोकळ कारणावर 93. हा प्रयोग सांगणारे लोक इथेच थांबतात. वीस पानांसाठी विचारलं तेव्हा बिनकारण 24, पोकळ कारणावरही 24, खऱ्या कारणावर 42. टीमकडून शनिवार मागायचा असेल तर "प्रोजेक्ट महत्त्वाचा आहे" हे पोकळ कारण झालं.

प्रतिसाद ५

सहभागाबद्दल. कोच आणि फ्रेंच या संशोधकांनी पायजमे शिवणाऱ्या एका अमेरिकन कारखान्यात कामाची पद्धत बदलताना गट पाडले, अभ्यास 1948 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या गटाला फक्त बदल कळवला त्यातले 17 टक्के लोक पहिल्या 40 दिवसांत सोडून गेले. ज्यांनी नवी पद्धत ठरवण्यात भाग घेतला ते लवकर सावरले आणि जुन्या उत्पादनाच्या पुढे गेले.

मात्र निर्णय झालेला असताना "तुमचं मत सांगा" म्हणणं हा सगळ्यात महागडा खोटेपणा. सरळ सांगा: "बदल ठरलाय. कोणत्या क्रमाने करायचा आणि पहिल्या महिन्यात काय वगळायचं, ते तुम्ही ठरवा." जेवढं खरंच हातात द्यायचंय तेवढंच विचारा.

प्रतिसाद ६

साहेबांना लिहिताना मागणी पहिल्या ओळीत. "गेल्या तिमाहीत टीमने खूप मेहनत घेतली..." असं सुरू झालेलं पत्र तिथेच मिटतं. त्याऐवजी: "तपासणीसाठी दोन माणसं सहा आठवड्यांकरता हवीत. निर्णय शुक्रवारपर्यंत लागेल, नाहीतर पुढची डिलिव्हरी तपासणीविना जाईल." खाली तीन गोष्टी: काहीच केलं नाही तर काय होईल, स्वस्तातला दुसरा पर्याय, आणि तुम्हाला स्वतःला यात काय धोका वाटतो. धोका आपणच लिहिला की साहेब तो शोधत बसत नाहीत.

प्रतिसाद ७

होकार मिळाल्यावरचं कुणीच लिहिलं नाही. मीटिंगमधला होकार संध्याकाळपर्यंत निवतो. त्याच दिवशी चार ओळींचं टिपण पाठवा: कोण, काय, कधीपर्यंत, आणि कोणत्या खुणेवर हे थांबवायचं. ही शेवटची ओळ टाळू नका. "तीस दिवसांत चुका कमी झाल्या नाहीत तर जुन्या पद्धतीवर परत" असं लिहून दिलं की कुंपणावर बसलेले उतरतात, कारण परतीचा रस्ता दिसतो. तिसाव्या दिवशी मोजमाप मात्र विरोध करणाऱ्याच्या हातात द्या. तुमच्या हातचे आकडे त्याला कधीच पटणार नाहीत.