मदत हवी आहे: २०१२ ची बीएमडब्ल्यू ५२०डी घ्यावी का? इंजिनाचा आवाज, गिअरचा झटका, कमी कूलंट

टिळकवाडीकर
नमस्कार मंडळी. कोल्हापूर पासिंगची (एमएच-०९) २०१२ ची ५२०डी, एफ१० मॉडेल (५ सिरीजची त्या वेळची पिढी), निपाणीत विकायला आहे. मीटर १ लाख १८ हजार, दुसरा मालक. रंग, सीटा, सनरूफ सगळं झकास. शंका तीन. गाडी दाखवली तेव्हा इंजिन आधीच गरम होतं, तरी १५०० आरपीएमच्या आसपास इंजिनाच्या मागच्या अंगाने घासल्यासारखा बारीक आवाज येत होता. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना हलका झटका बसतो. कूलंट कमी होतं. मालक म्हणतात, डिझेल आहे, एवढं चालायचंच. वापर बेळगाव शहरात आणि अधूनमधून चोर्ला घाटातून गोवा. घ्यावी की सोडावी?

उद्यमबाग_डिझेल
दादा, आवाजाचं आधी बघा. बाकी सगळी कामं मिळून होणार नाही एवढा खर्च त्या एकट्याचा होऊ शकतो.

या गाडीतल्या एन४७ डिझेल इंजिनाची टायमिंग चेन (क्रँक आणि व्हॉल्व्ह यांची वेळ जुळवणारी साखळी) पुढे नाही, मागे गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. त्यामुळे चेनला हात घालायचा तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, बरेच मेकॅनिक सरळ इंजिनच बाहेर काढतात. चेन ज्या प्लॅस्टिकच्या गाइडवरून सरकते ते झिजतात, चिरतात, तुकडे खाली ऑइल संपमध्ये (ऑइल साठणाऱ्या तळाच्या भांड्यात) पडतात आणि चेन सैल होते. चेनने दात सोडला किंवा ती तुटली की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. मग हेडही गेलं समजा. जास्त तक्रारी २००७ ते २०११ च्या इंजिनांच्या आहेत. तुमची त्यानंतरची, पण ऑइलची हयगय झाली असेल तर सालावर विसंबू नका. डॅशबोर्डवरचा सर्व्हिसचा हिशोब २५-३० हजार किमीपर्यंत ऑइल ओढायला लावतो. आपल्याकडे ८ ते १० हजारांत बदललेलं असेल तरच विश्वास ठेवावा, आणि तेही बिलं बघून.

तपासायचं असं. मालकाला सांगा, गाडी रात्रभर उभी ठेवा, आम्ही आल्यावरच चालू करायची. आधी बॉनेटवर हात ठेवा, गरम लागलं तर परत फिरा. थंड इंजिन चालू करून रेस हळूहळू २००० पर्यंत न्या. मेकॅनिकचा स्टेथोस्कोप आधी पुढच्या पुलीकडे, मग मागे बेलहाउसिंगजवळ (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडतात तिथे) लावा. खरखर मागे जास्त आणि रेसबरोबर वाढते, तर चेनच धरा. पुढे जास्त असेल तर क्रँक पुलीचं रबर खालून टॉर्च मारून बघा. ते चिरलं तरी कुरकुर होते आणि ते काम स्वस्तात आटपतं.

मालक तयार असेल तर ऑइल फिल्टर काढून त्याच्या घड्या उलगडा. काळ्या-तपकिरी प्लॅस्टिकच्या कपच्या किंवा चमकणारा चुरा दिसला तर पुढे बोलूच नका. नवा फिल्टर, ५.२ लिटर एलएल-०४ (बीएमडब्ल्यूचा ऑइलचा निकष) दर्जाचं ५डब्ल्यू-३० ऑइल, हा खर्च तुम्ही द्या. लाखांच्या निर्णयापुढे तो काहीच नाही.

चेन करायचीच ठरली तर वरची-खालची दोन्ही चेन, सगळे गाइड, टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग), मागचं क्रँक सील आणि एकदाच वापरायचे बोल्ट एकत्रच घ्या. नुसती वरची चेन बदलून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. उद्यमबागेत मशीन शॉप भरपूर आहेत, पण इथे टायमिंग लॉक करायची खास टूल लागतात. ती आहेत का, हे आधी डोळ्यांनी बघा.

हायवे_४८
झटक्याबद्दल. झेडएफ या जर्मन कंपनीचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स आहे, दणकट आहे. 'ऑइल आयुष्यभर चालतं' असं विकणारे सांगतात, पण स्वतः झेडएफ ८० हजार ते १ लाख २० हजार किमी किंवा आठ वर्षांत बदला म्हणते. ही गाडी वर्षांच्या हिशोबाने त्यापुढे गेली आणि किलोमीटरच्या हिशोबाने काठावर आली. फिल्टर प्लॅस्टिकच्या संपमध्येच बसवलेला असतो, म्हणून अख्खा संप बदलायचा. जुनं ऑइल काढण्याआधी भरायचा प्लग सुटतोय ना ते बघा, नाहीतर बॉक्स रिकामा होऊन गाडी लिफ्टवर अडकते. ऑइल झेडएफच्या लाइफगार्ड ८ दर्जाचंच. लेव्हल इंजिन चालू ठेवून, गाडी सपाट, बॉक्समधलं ऑइल ३० ते ५० अंशांत असताना बघायची. बरेचदा झटका एवढ्यानेच जातो. थंड-गरम दोन्हीत जोरात बसत असेल तर प्रकरण आतलं.

खानापूर_रोड
साहेब, कूलंट हलक्यात घेऊ नका. या इंजिनाचा ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचा धूर थंड करणारा भाग) आतून गळतो, कूलंट काजळीत मिसळून चिकट थर बसतो आणि तो पेटू शकतो. २०१८ साली दक्षिण कोरियात गाड्या पेटल्यावर लाखाहून जास्त गाड्या परत बोलावल्या गेल्या, त्यांत ५२०डी सर्वांत जास्त होत्या. चासी नंबर देऊन अधिकृत सर्व्हिसला विचारा, ही गाडी अशा कुठल्या मोहिमेत होती का आणि काम झालंय का. होसपाइपला बाहेर गळती नाही आणि कूलंट मात्र कमी होतंय, तर कूलर काढून प्रेशर टेस्ट करायलाच हवी.

स्कॅनर लावाल तेव्हा हायवेवर इंजिनाचं तापमान बघा. ७०-७५ वरच घुटमळत असेल तर थर्मोस्टॅट (कूलंटचा प्रवाह सांभाळणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलाय. तसं असेल आणि गाडी शहरातल्या शहरात, कॅम्प ते गोवावेस एवढीच फिरत असेल तर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) स्वतःला जाळून साफ करूच शकत नाही, तुंबतो. किलोमीटरचा आकडा मीटरखेरीज गाडीतल्या इतर कॉम्प्युटर मॉड्युलमध्येही असतो, तोही जुळवा. चोर्ल्यासाठी एक: रनफ्लॅट टायर (हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे), स्टेपनी नाही. रिमच्या आतल्या कडा आणि टायरचे फुगे खालून बघा.

टिळकवाडीकर
खूप आभार. रात्रभर गाडी थंड ठेवायला मालक का-कू करतोय. कागदांचं काय?

खानापूर_रोड
थंड इंजिन दाखवत नसेल तर गाडी सोडाच, दादा.
दाखवली आणि पसंत पडली, तर कोल्हापूर आरटीओची फॉर्म २८ वरची एनओसी आधी, कर्ज असेल तर ते फिटल्याचा फॉर्म ३५. मग इथे मालकी बदलाचे फॉर्म २९, ३० आणि बेळगावचा केए-२२ चा नवा नंबर. कर्नाटकचा लाइफ टॅक्स गाडीच्या वयानुसार भरावा लागतो, तो किमतीतून वळता करून बोला. महाराष्ट्रात भरलेल्या टॅक्सच्या परताव्याचा अर्ज कोल्हापूरलाच. आणि आरसीवरची मुदत बघा, पंधरा वर्षं २०२७ मध्ये भरतात. पुढे फिटनेस करून नोंदणी वाढवून घ्यावी लागेल.