स्नोहेट्टाची सुरुवात आणि नॉर्वेतले उघडे पगार

दोन विधानं ऐकू येतात: स्नोहेट्टा ही वास्तुविशारद संस्था इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयासाठी स्थापन झाली, आणि नॉर्वेत कुणाचाही पगार करयादीत, म्हणजे करदात्यांच्या जाहीर यादीत, दिसतो. दोन्हींत थोडी दुरुस्ती हवी.

संस्था 1987 साली ऑस्लोत सुरू झाली. नाव डोव्रेफ्येल भागातल्या 2286 मीटर उंच शिखराचं. ग्रंथालयाच्या आराखड्याची स्पर्धा तिने त्यानंतर, 1989 मध्ये जिंकली आणि इमारत 2002 साली खुली झाली.

आता पगार. करयादीत दिसतं ते निव्वळ उत्पन्न, निव्वळ संपत्ती आणि आकारलेला कर. निव्वळ उत्पन्न म्हणजे पगार नव्हे! त्यातून प्रमाणित वजावट आणि कर्जाचं व्याज आधीच गेलेलं असतं. त्यामुळे सारख्या पगाराच्या दोघांपैकी मोठं गृहकर्ज असलेला यादीत बराच खाली दिसतो. संपत्तीचा आकडा तर आणखी फसवा, कारण राहतं घर बाजारभावाच्या साधारण चौथ्या हिश्शाने धरतात. शोधायला नॉर्वेचा ओळख क्रमांक लागतो, महिन्याला 500 शोधांची मर्यादा आहे, आणि 2014 पासून कुणी पाहिलं ते त्या व्यक्तीला कळतं.

सरकारी कर्मचाऱ्याचा वजावटीआधीचा खरा पगार हवा असेल तर माहिती कायद्याखाली थेट त्या कार्यालयाकडे मागावा. स्नोहेट्टाने आराखडा केलेल्या ऑस्लोच्या ऑपेरा हाउसचं काम करून घेणारी स्टाट्सबिग ही सरकारी यंत्रणा, म्हणून स्टाट्सबिगमधल्या वास्तुविशारदाचा पगार असा मागता येतो. स्नोहेट्टा खासगी, तिला हा कायदा लागू नाही.